सालकची लस आणि मनव्वर मावशीचा काटा

मनव्वर मावशीला कामयारचा हातांवर ओठ टेकून सलाम. गुडघे कसे आहेत? डाळिंबांना फूल धरलं का? आम्ही इस्फहानात मजेत. आमची लेक तर्मे आठ महिन्यांची झाली, गाल असे की चिमटा घ्यावा. पण उन्हाळा दारात आलाय, वाळूमाश्या निघतील, आणि त्या चावल्या की त्या गालांवर सालकचा फोड उठून जन्मभराचा व्रण राहील या भीतीनं मी आत्तापासूनच खिडक्यांना जाळ्या ठोकतोय.

आता भांडण. सालकवर लस काढायला आम्ही इस्फहान, ट्युनिस आणि खार्तूमचे लोक मिळून चार वर्षं झटतोय. (पैकी दोन वर्षं, लेखावर आधी नाव कुणाचं, यात गेली.) चाचणीला सालक कधीच न झालेली माणसं हवी होती. तू म्हणालीस, "आपल्या गावातली चाळीस देते. एकेकाचं तोंड बघ, आरसा नुसता!" मी भाबडा. लोक सुईला बिचकत होते म्हणून मशिदीसमोर आधीच्या तपासणीची पहिली टोचणी मीच घेतली, वर भाषण ठोकलं की ज्याला हा रोग शिवलेला नाही त्याचा दंड दोन दिवसांनी सपाट राहतो, ज्याला होऊन गेलाय त्याचा सुजतो. दोन दिवसांनी माझा दंड भाकरीसारखा टम्म. मागोमाग त्या चाळिसांचेही. यदुल्ला न्हावी दात काढून म्हणाला, "डॉक्टर, तोंडावर काय शोधताय? पायजमा उतरवा की!"

तेव्हा कळलं, की गावातल्या प्रत्येक तान्ह्याच्या मांडीवर तू दुसऱ्याच्या फोडात बुडवलेला काटा टोचतेस. सालक एकदा झाला की पुन्हा होत नाही, म्हणून व्रण मांडीवर झाकला जातो, चेहरा वाचतो. मलासुद्धा टोचलास! मावशी, याला काही शास्त्र? ना माप, ना परवानगी. एखादी मांडी वर्षभर चिघळली तर? ट्युनिसच्या मुफीदाबाई विचारतात, "या गावाला आधीच लस कुणी दिली?" काय सांगू, माझ्या मावशीनं? आमची चाचणी बोंबलली. हा प्रकार आजच्या आज बंद कर.

तुझ्यावर रागावलेला,
कामयार

ता. क. ट्युनिस आणि खार्तूमवाले म्हणतात, लेखावर पहिलं नाव तुझंच घाला. मी हरकत घेतली, कुणी ऐकलं नाही.

ता. क. दुसरा. सगळं सुरळीत झालं तरी आमची लस यायला अजून नऊ वर्षं लागतील. शुक्रवारी तर्मेला घेऊन येतो. तिची आई आमच्या नीतिसमितीची अध्यक्ष. तुझा निषेध करणाऱ्या ठरावावर सही करून ती लगेच बॅग भरायला बसली. मांडी डावी की उजवी ते तू ठरव. यावर तिन्ही देशांचं अजून एकमत नाही.