हात लागलेली चिमणी

दुधनी, १२ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णास धाकट्या बहिणीचा, सिद्धेश्वरीचा, शरणु.

आम्ही मायलेकी खुशाल आहोत. तुझी खुशाली दिवाळी अंकात वाचली. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझ्या कथेतली चिमणी म्हणजे मी, हे इथल्या अडत बाजारात हमालांनासुद्धा कळलं. शिकाऱ्याच्या तावडीतून सुटलेली भोळी चिमणी थव्यात परत येते, आणि माणसाचा हात लागला म्हणून बाकीच्या तिला टोचून मारतात. भाऊ तेवढा एकटा रडतो. वा रे चिमण्या!

मला करकंबहून, सासरहून, कुणी हाकललं नव्हतं. नवऱ्यानं हात उगारला, मी त्याच्या कानाखाली आवाज काढला आणि पोरीला घेऊन माझ्या पायांनी निघाले. श्रीदेवी आता अकरा वर्षांची आहे. अंक वाचून तिनं विचारलं, आई, तुला समद्यांनी टाकलं व्हय? तेव्हापासून माझ्याकडं बिचारी म्हणून बघते. ते मला सहन होत नाही. ही कथा तुझ्या येणाऱ्या पुस्तकात घालू नकोस.

वहिनींना नमस्कार. लोभाचं तुझं उत्तर आल्यावर बघू.

सिद्धेश्वरी

सोलापूर, २० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सिद्धेश्वरीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं. मी शाळेत भाषा शिकवतो, तू मला साहित्य शिकवू नकोस. कबुतर, चिमणी, मैना, पाखरू आलं की वाचकाला निष्पाप जीव दिसतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. कानाखाली मारणाऱ्या बाईसाठी कोण रडणार? मी तुला निष्पाप केलं. उपकार मान म्हणत नाही, पण उलटून बोलू नकोस.

पुस्तकाचं नावच त्या कथेवरून आहे. मुखपृष्ठावर चिमणी काढून झाली. कथा राहणार.

श्रीदेवीला गोड पापा. डोकं शांत झालं की लिही.

तुझा अण्णा,
ईश्वरप्पा

दुधनी, ३ डिसेंबर २०२४

ती. अण्णास शरणु.

आशीर्वाद पोचले. त्यातलं ‘सौ.’ परत घे, घटस्फोटाला वर्षं झाली.

निष्पाप चिमण्या मी अडतीच्या दुकानात रोज बघते. पोत्याबाहेर सांडलेल्या तुरीसाठी एकमेकींच्या उरावर बसतात. आरशातल्या स्वतःलासुद्धा सोडत नाहीत. त्या मला आवडतात त्या त्यासाठीच.

परवा फळीवरच्या घरट्यातून पिल्लू पडलं. श्रीदेवीनं पटकन उचललं आणि मग रडायला लागली, मामाच्या कथेतल्यागत आता याला मारतील की, म्हणून. मीही घाबरले, लहानपणापासून आपण तेच ऐकलंय. तरी पिल्लू परत ठेवलं. थोड्या वेळानं चिमणी आली, त्याच्या चोचीत अळी घातली, उडाली, पुन्हा घेऊन आली. कुणी टोचलं नाही.

मलाही कुणी टोचलं नाही, अण्णा. चन्नम्मा मावशीनं घरात घेतलं, अडतीवर बसवलं. पण त्याआधी मी तुझ्याकडं आले होते. पोर कडेवर झोपलेली. तू दाराआडून म्हणालास, शेजारी काय म्हणतील, परत जा. आणि कडी लावलीस. कथा खुशाल छाप. फक्त थव्याच्या जागी ते दार घाल.

सिद्धेश्वरी

सोलापूर, १५ डिसेंबर २०२४

चि. सिद्धेश्वरीस आशीर्वाद.

कथा पुस्तकातून काढली. जमली नाही असं प्रकाशकाला कळवलं. मुखपृष्ठावर आता मोर घेतोय. झालं तुझ्या मनासारखं?

दाराचं श्रीदेवीजवळ काढू नकोस. ती लहान आहे, तिच्या मनात मामाविषयी विष कालवू नकोस. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला इकडं पाठव. तुझी वहिनी वाट बघते आहे.

ईश्वरप्पा

दुधनी, २४ डिसेंबर २०२४

ती. अण्णास शरणु.

दार लिहिण्यापेक्षा तुला कथाच मारणं सोपं गेलं. असो, मोर शोभेल.

तुझं पत्र यायच्या आधीच पोरीला सगळं सांगून झालं होतं, कानाखाली आवाज काढल्याचंसुद्धा. ते तिनं दोनदा सांगायला लावलं आणि खदखदून हसली. आता माझ्याकडं बिचारी म्हणून बघत नाही. पिल्लू उडालं.

सुट्टीत मामाकडं जातेस का, म्हणून तुझा निरोप दिला. निवडायला घेतलेलं सूप तिनं खाली ठेवलं. म्हणाली, म्हंजी टोचलं ते मामानंच की.

‘लोभ असावा’ लिहायची रीत आहे. आज हात वळत नाही.

सिद्धेश्वरी