दोनच भाकरी

कडेगाव, १२ जानेवारी १९४४, बुधवार

रजेवर येताना पलटणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरलं तरच परत घेऊ, कॅलरी मोजून खा. कॅलरी कुठली मोजतोय! मी भाकरी मोजली. महिनाभर जेवायला दोनच. आज गुऱ्हाळात गुळाच्या काट्यावर बसलो, तर वजन उलट वाढलेलं.

भाकरी इतकी मऊ लागते, हे आधीच कसं खटकलं नाही मला? संध्याकाळी चुलीपाशी गेलो. बायको पीठ दुधात मळत होती.

"आवं, मोजून दोनच देती की!"

"मग दूध कशाला?"

ती थापत राहिली. "वजन उतरलं की तुमी परत लढाईवर जाणार न्हवं?"

भाकरी आजही मऊच होती. तिसरी मागून घेतली.