रामदीनच्या कात्रीची मूठ

चंदीगड, मार्च १९८८, मंगळवार

पंजाबात परप्रांतीय मजुरांवर पुन्हा गोळ्या झाडल्या, म्हणून आमचा शिंपी रामदीन सगळं टाकून बिहारला पळाला. आठवडाही झाला नाही, आणि आज त्याची घरमालकीण ओट्यावर बसून त्याच्या कात्रीच्या मुठीवरच्या चिंध्या ब्लेडने कापतेय! हात सोलवटू नये म्हणून तो थरावर थर गुंडाळायचा. माझ्या खणाचा तुकडा वर होता. सगळ्यांत आत त्याच्या आईच्या साडीचा हिरवा काठ, गाव सोडताना बांधलेला. किती जपायचा ती मूठ!

म्हटलं, “जी, वो वापस आएगा.”

“कौन आता है वापस?”

हिरवा काठ गटारात. कप्पाळ!

मग कात्री उन्हात धरून म्हणते, “देखो, बिल्कुल नई हो गई. आपको चाहिए?”