खंदकातला बिल्ला

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून बाबांनी महिनाभर तोंड फिरवलं होतं. शेवटी मामांनी इथे, त्यांच्या कारखान्यात, चिकटवून दिलं. ते गोदामप्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, फुकट!
किनाऱ्यावरची काळी वाळू इथे येते आणि तिच्यातली दुर्मिळ खनिजं वेगळी होतात. एक पिवळसर खनिज मात्र किरणं सोडतं. ते परवान्याशिवाय विकायचं नाही, फेकायचंही नाही. कुंपणातल्या खंदकात पुरायचं, वर साधी वाळू. वजनाची नोंद पक्की. मामा म्हणाले, त्यातून चिमूटभर काढलंस तर चिमूटभर भरावं लागेल, नाहीतर तपासनीस तुलाच त्यात भरतील. आणि स्वतःच खो खो हसले.
छातीवर प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला. अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं. सुटताना तो फाटकाजवळ आपापल्या खिळ्याला अडकवायचा.

६ ऑक्टोबर
प्रयोगशाळेत नमुने तोलणारी एक मुलगी आहे. तराजूवर वाळू सोडताना श्वास रोखून धरते. बघता बघता मीही धरला. तिने विचारलं, बरं वाटत नाही का? झालं. मी कामातून गेलो.

१४ ऑक्टोबर
ती डबा चष्मिसाबरोबर खाते. चष्मिस म्हणजे किरणं मोजणारा अधिकारी. तो काहीही बरळला तरी ही हसते. मी विनोद सांगितला तर म्हणाली, भाऊ, हा जुना झाला.
भाऊ! अंगाचा नुसता तिळपापड.

१९ ऑक्टोबर
मामांकडून कळलं, बिल्ल्यावरचा आकडा मर्यादेबाहेर गेला की त्या माणसाला वाळूपासून हटवून दूरच्या कचेरीत पाठवतात.
सगळे गेल्यावर चष्मिसाचा बिल्ला खिळ्यावरून उचलला आणि खंदकात कोपरभर खोल पुरला. आठवड्याने आकडा फुगला की मलाच तो कुठेतरी ‘सापडेल’. जा म्हणावं, बस तिकडे फायली चाळत!

२० ऑक्टोबर
बिल्ला हरवल्याचा बोभाटा. चष्मिस मजेत. ती मात्र पांढरीफटक. त्याच्या बिल्ल्यासाठी एवढा जीव जातो हिचा?

२३ ऑक्टोबर
ती सारखी खोकते. आज रुमालात काळी वाळू होती. चष्मिसाने पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांदेखत.

२५ ऑक्टोबर
ती तराजूशी वाकली तर केसांतून वाळू गळली. चष्मिसाने यंत्र धरलं, ते तिच्यापाशी कडकड वाजायला लागलं. तो रडला. मला त्याचाही राग आला, रडण्यावरसुद्धा यानेच हक्क सांगावा!

२६ ऑक्टोबर
चष्मिसाने मामांपुढे कबुली दिली. चार महिने ती दोघं सकाळी बिल्ले बदलून घालत होती. त्याचं नाव तिच्या छातीवर, तिचं त्याच्या. तिचाच हट्ट.
म्हणजे मी पुरला तो —
त्याचा नव्हे. चार महिने तिच्या श्वासावर हललेला.

२७ ऑक्टोबर, दुपार
जेवणाच्या सुट्टीत खंदकात उतरलो. बिल्ला लागला. गरम. वर-खाली होत होता, छातीवर असल्यासारखा. ओढला की वाळू आत ओढायची. मामांचं ते वाक्य आठवलं. काढलं तर भरावं लागतं.
चष्मिस घालायचा तो आणून टाकू? तो कालच मामांनी कुलूपबंद केला. आणि तिचा श्वास तर —
माझा काढून खाली लोटला. तिचा सुटला.

२८ ऑक्टोबर
ती बरी. खोकला नाही. डब्याच्या वेळी दोघांचं हसणं गोदामापर्यंत आलं. मला म्हणाली, भाऊ, तुझा आवाज बसलाय.
पेनातून वाळू येते —

२९
हसतात. अजून हसतात. मी वाचवली, नि हसते त्याच्याकडे बघून! त्याचा बिल्ला आणतो. माझ्या जागी त्याला. गोदामातून मामांची किल्ली घेतली, आता इथल्या फरशीवरून फक्त उठायचं —
पाय सापडत नाहीत. कमरेखाली सगळी —
किल्ली हातात आहे. मूठ आहे तोवर सरपटत तरी —
गोदामाच्या दारात पावलं. तिची. चष्मिसाला सांगते आहे, इथे वाळू जरा जास्त दिसते, वजन करून खंदकात टा