यशोदामावशी शेवटपर्यंत बसल्या

धरणगाव,
ता. २ एप्रिल १९८७

ती. कुंदाअक्कास,
गिरधरचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडं बठ्ठं मजेत शे. आबांचा गुडघा, मायचा राग आणि माझं रिकामपण, तिन्ही जसेच्या तसे. रिकामपण म्हणजे टॉकीजच्या सायकलरिक्षात बसून भोंग्यावर नव्या पिक्चरचा पुकारा करतो, तेवढंच. आबा त्याला काम मानत नाहीत. दहावीला दोनदा बसलेल्याला बसायला रिक्षा मिळाली हेच जास्त झालं, म्हणे.

आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, यंदा १ मे रोजी आली. मायनं झोक्याचा दोर आत्तापासून माळ्यावरून काढून उन्हात टाकला. मी म्हटलं, कोणासाठी? अक्काला तर धाडत नाहीत. तिनं दोर गुंडाळून ठेवला, आणि जेवण झाल्यावर परत सोडला. चार दिवस हेच चालू आहे. गल्लीतल्या बठ्ठ्या लेकी येणार. लता पहूरहून, पुष्पा मेहरूणहून. मागच्या आखाजीला त्या दोघी आपल्या निंबाखाली तुझ्या वाटेचं गाणं सोडून बाकीची म्हणत होत्या. ते मायला घरात ऐकू येत होतं.

मला माहीत आहे, बठ्ठं माझ्यामुळं झालं. तुझ्या सासूबाई, यशोदामावशी, दीड वर्षापूर्वी नवरात्रात आपल्याकडं आल्या तेव्हा मीच भोंग्यावर ओरडत होतो की साक्षात देवी, आठ हात, सिंहावर बसून. बोर्डावर तशीच होती ना. मावशींनी उपास धरला, चपला टॉकीजबाहेर काढल्या आणि खण-नारळ घेऊन आत गेल्या, की देवी पडद्यावर आली की ओटी भरू. तीन तास देवी आलीच नाही. एकदा इन्स्पेक्टरच्या पाठीमागं कॅलेंडरवर दिसली, तेवढ्यात गोळीबारात ती भिंतच गेली. नारळ परत आणावा लागला. तेव्हापासून त्यांचं एकच, देवीच्या नावानं खोटं बोलणाऱ्या घरी सून धाडायची नाही.

अक्का, पुकारा करणाऱ्याला पिक्चर आधी कोणी दाखवत नाही. बोर्ड बघायचा आणि ओरडायचं. पण हे मावशींना कोण सांगणार?

लोभ आहेच, तो आटू देऊ नको.
तुझा गिरधर


धुळे,
ता. ७ एप्रिल १९८७

चि. गिरधर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. मी एखादी ओळ गाळली तर त्यांना लगेच कळतं, कारण गाळताना मी अडखळते. त्यामुळे ‘कोण सांगणार’ पर्यंत सगळं त्यांच्या कानावर गेलं आहे. आता तूच काय ते समज. कॅलेंडरची ओळ आली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला होता. हसल्या की रागावल्या ते कळलं नाही.

ह्यांनी, म्हणजे तुझ्या पाहुण्यांनी, सासूबाईंपाशी आखाजीचा विषय काढून पाहिला. त्यांना उत्तर मिळालं की मे महिना वाळवणाचा, पापड-कुरडया काय भिंती लाटणार आहेत का. पाहुणे गप्प बसले. ते गप्प बसण्यात फार हुशार आहेत.

मला झोकाच हवा आहे असं नाही रे. म्हणजे हवाच आहे. पण त्याहून जास्त हे हवं आहे की चार दिवस स्वयंपाकघरातून माझ्या नावाची हाक येऊ नये, आणि मायनं वाढलेलं ताट आयतं पुढं यावं. हे लिहिते आहे ते त्या झोपल्या आहेत म्हणून.

आता नवीन खोड्या करू नकोस. मायला सांग, दोर सावलीत ठेव, उन्हानं कुजतो. आबांच्या गुडघ्याला एरंडाचं तेल. आणि मला विसरू नका, एवढंच मागणं.

तुझी कुंदाअक्का


धरणगाव,
ता. ११ एप्रिल १९८७

ती. यशोदामावशींच्या सेवेशी,
गिरधरचा दंडवत, जितका पत्रात मावेल तितका. वि. वि.

मावशी, तुम्ही माझं पत्र ऐकताच, तर म्हटलं सरळ तुम्हालाच लिहावं. अक्काला अडखळायला नको.

तुमचा नारळ परत आला, त्याची मला लाज वाटते. पण फसलेल्या तुम्ही एकट्या नाहीत. मी ह्या धंद्यात असून तुमच्यापेक्षा जास्त फसलो. जळगावला एक भुताचा पिक्चर लागला होता. ऑपरेटर पुना आणि मी सायकलवर गेलो. पुनानं भीती वाटू नये म्हणून कमरेला हनुमानाचा ताईत बांधलेला. भूत आलं ते पांढऱ्या लुगड्यात, आणि मनगटावर घड्याळ. गळा दाबायच्या आधी त्यानं वेळ बघितली. पुनानं ताईत तिथंच सोडून खिशात टाकला.

दुसरा डाकूंचा. बोर्डावर चाळीस घोडे. आत एकच, तो बिचारा बठ्ठ्या डाकूंना आळीपाळीनं पुरला. सरदार त्याच्यावर बसून यायचा, उतरायचा, मग त्याच्याच दुश्मनाला तोच घोडा. शेवटी सरदार मेला तर लोक बसून राहिले. घोडा उभा राहिला तेव्हा टाळ्या पडल्या, की सुटला एकदाचा.

तर मावशी, माझ्याइतके रद्दड पिक्चर अख्ख्या खानदेशात कोणी पाहिले नाहीत. तुमचा तो देवीचा माझ्या हिशोबानं फार तर पाचवा येईल.

राग थोडा कमी करावा, बाकीचा जपून ठेवावा.
आपला गिरधर


धुळे,
ता. १६ एप्रिल १९८७

चि. गिरधरले यशोदाबाईना आशीर्वाद.

मी सांगस आणि कुंदा लिखस. ती तिच्या शहरी भाषेत लिहिते, लिहू दे. एक अक्षर खाल्लं तर माले समजस.

तू मोठा शहाणा. पाचवा नंबर कोणाला देतोस? तुझा जन्म नव्हता तेव्हापासून मी फसते आहे. माझं लग्न झालं आणि कुंदाचे सासरे, ते आता नाहीत, मला म्हणाले, तुला समुद्र दाखवतो. मी तापीच्या पलीकडं पाणी पाहिलेलं नाही. मला वाटलं मुंबईला नेतात. नेलं कुठं, तर धुळ्यातल्याच टॉकीजमध्ये, समुद्राचा पिक्चर म्हणून. नवी नऊवारी नेसून गेले. तीन तास ती बाई आणि तो बाप्या समुद्राच्या पुढं उभे राहून बोलत होते. बोटभर पाणी दिसायचं, की तिचा अंबाडा मध्ये. मी मान इकडं करी, तिकडं करी. कुंदाच्या सासऱ्यांनी घरी येताना विचारलं, पाहिला समुद्र? मी म्हटलं, पाहिला. आजवर कोणाला खरं सांगितलं नाही. आज कुंदाला लिहायला सांगितलं, तर ती लिहायची थांबून माझ्याकडंच बघते आहे.

तर तुझं भूत, तुझा घोडा, ह्याला रद्दड म्हणत नाहीत. आणि ध्यानात ठेव, मी एकाही पिक्चरमधून मधेच उठलेली नाही. फसले तरी शेवटपर्यंत बसले. तुम्ही आजकालची पोरं इंटरव्हलला पळता.

मायले राम राम. जीव लावणारे असाल तर खोटं कमी बोला.


धरणगाव,
ता. २० एप्रिल १९८७

ती. यशोदामावशींस गिरधरचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुमच्या समुद्रापुढं मी कान धरले. मायला वाचून दाखवलं, तर तिनं डोळे पुसले आणि वर मलाच एक चापट दिली. का, ते तिलाच माहीत.

पण मावशी, शेवटपर्यंत बसल्या म्हणता, त्यावर माझं एक मागणं आहे. आखाजीला आमच्या टॉकीजला जो पिक्चर लागणार आहे, तो मी जळगावला पाहून आलो. एवढा रद्दड पिक्चर देवानं आजवर होऊ दिला नव्हता. पन्नाशीचा हिरो कॉलेजात शिकतो. पाण्याच्या टाकीभोवती एक गाणं आहे, ते संपेपर्यंत माझ्या पुढच्या माणसानं शेंगा आणल्या, खाल्ल्या आणि हात धुऊन आला. व्हिलन इंटरव्हलच्या आधीच मरतो, त्यामुळं नंतर काय करावं हे तिथं कोणालाच माहीत नाही. हिरोची याददाश्त जाते आणि बघणाऱ्यांचीही. जळगावला लोक उठून चालले तर डोअरकीपर हात जोडून आडवा आला, की मला एकट्याला ठेवून जाऊ नका.

मॅनेजर सुकदेवनानांनी दुसराच पिक्चर मागितला होता, आला हा. ते डोकं धरून बसले.

माझी पैज अशी. आखाजीचा तीनचा खेळ, तुम्ही धरणगावला येऊन शेवटपर्यंत जागेपणी बसून दाखवा. शेजारी कोणी बसायचं नाही, अक्कानं तर आतच यायचं नाही, नाहीतर कोपर मारून जागं करेल. तुम्ही उठलात किंवा डोळा लागला, तर अक्काला आठ दिवस माहेरी ठेवायचं. बसून राहिलात तर तुम्ही सांगाल ते मी करेन.

नाही जमायचं असं वाटत असेल तर नका येऊ. वय झालं की बसवत नाही, आम्ही समजून घेऊ.
माया पातळ करू नये.
आपला गिरधर


धुळे,
ता. २४ एप्रिल १९८७ (कार्ड)

गिरधरले आशीर्वाद. वय झालं म्हणतोस? कुंदाला घेऊन तीस तारखेच्या एसटीनं येते. जिंकले तर दुसऱ्याच दिवशी तू माझ्याबरोबर धुळ्याला यायचं आणि महिनाभर कुंदाचं काम तू करायचं. पाणी भरायचं, पापड लाटायचे, गल्लीतल्या बायांच्या समोर ओट्यावर बसून. तोवर कुंदा पडून राहू दे तिकडं, माले तुझी फजिती पाहायची शे. मायले सांग, भाकरी कळण्याची कर, ज्वारीत उडीद घालून.
— यशोदाबाई


धरणगाव,
ता. ८ मे १९८७

चि. गिरधरला कुंदाअक्काचे आशीर्वाद, आणि तुझ्या हातांना विशेष, वि. वि.

तू गेल्यापासून गल्लीत दुसरा विषय नाही. तीन दिवस आधीपासून तू भोंग्यावर जो पुकारा केलास, तो पोरं अजून म्हणून दाखवतात. की पिक्चर अत्यंत रद्दड आहे, पाहण्यासारखं त्यात काही नाही, पण धुळ्याच्या यशोदाबाई तो शेवटपर्यंत पाहणार आहेत, त्या मात्र पाहण्यासारख्या आहेत. आबांनी तेव्हा दार लावून घेतलं होतं. आता ते पारावर सांगतात की पोरगा खरं बोलला म्हणून टॉकीज भरली. सुकदेवनाना म्हणत होते, देवीच्या पिक्चरलासुद्धा बायकांच्या बाजूला एवढी दाटी झाली नव्हती. माहेरी आलेली एक लेक घरी राहिली नाही.

लता सांगते, इंटरव्हलपर्यंत बठ्ठ्या पडद्याकडं पाठ करून सासूबाईंकडंच बघत होत्या. नंतर मात्र कोणाच्यानं बसवेना, एकेक करत सगळ्या निंबाखाली आल्या. मी तिथं जीव मुठीत धरून उभी. सहाला शेवट झाला आणि सगळ्या परत टॉकीजकडं धावल्या, तर सासूबाई एकट्या, पदर डोक्यावर, ताठ. बायांनी त्यांना हाताला धरून आणलं आणि झोक्यावर बसवलं. नको नको म्हणत बसल्या. लग्नानंतर पहिल्यांदा बसले, म्हणाल्या. पुष्पानं असा झोका दिला की त्यांचा पाय निंबाच्या फांदीला लागला, आणि त्यांनी अजून जोरात द्यायला सांगितलं.

तू हरलास त्याचं मला वाईट वाटतं रे. माझे आठ दिवस मागायला गेलास आणि स्वतः महिन्याला अडकलास. माय सकाळी हाक मारते ती फक्त चहा झाला म्हणून. मी ऐकूनही उठत नाही, दुसऱ्या हाकेची वाट बघते.

पाहुण्यांचं कसं चाललंय? हात फार दुखत असतील तर तेल लाव. तुझ्या अक्काची आठवण ठेव.

कुंदा


धुळे,
ता. १२ मे १९८७

ती. कुंदाअक्कास गिरधरचा लाटण्यासकट नमस्कार, वि. वि.

हे पत्र मी स्वतः लिहितो आणि स्वतः पेटीत टाकतो. इथं ते कोणी वाचून घेणारं नाही, म्हणून आता खरं ऐक. माझं वाईट वाटून घेऊ नको.

मावशी झोपल्या होत्या.

इंटरव्हलनंतर बाया उठून गेल्या, तेव्हा मी वर पुनाच्या केबिनमध्ये होतो. भोकातून खाली पाहिलं तर मावशी एकट्या. पाठ सरळ, पदर नीट, हात मांडीवर, आणि डोळे मिटलेले. पुनानं रीळ बदलताना डबा पाडला तरी हलल्या नाहीत. पुना म्हणाला, जिंकलास, बोलव बायांना. मी जिन्यावर दोन पायऱ्या उतरलोसुद्धा. मग थांबलो. जिंकलो तर तुला आठ दिवस. हरलो तर महिना, आणि तो त्यांच्या कार्डावर, तुझ्याच अक्षरात. जिंकणारा गाढव कोण होईल?

मी वर येऊन बसलो. पुनाला हनुमानाची शपथ घातली. शेवटचं रीळ लागलं तेव्हा खाली जाऊन बाहेरून पत्र्याच्या दारावर अशा लाथा मारल्या की मावशी दचकून जाग्या झाल्या. तुम्ही आत आलात तोवर डोळे चांगले उघडे होते. अक्का, त्या दिवशी धरणगावात माझ्याएवढं कोणी जिंकलं नाही, आणि माझ्याएवढं पडेल तोंडही कोणी केलं नाही.

इथं रोज सकाळी आठ हंडे भरतो. ओट्यावर बसून पापड लाटतो, गल्लीतल्या बाया बघायला येतात. पहिल्या दिवशी हसल्या. आता माझे पापड तुझ्यापेक्षा गोल होतात, तू मावशींना विचार. पाहुणे जाता-येता माझ्याकडं बघतात आणि गप्प बसतात, पण परवा त्यांनी गुपचूप एक हंडा भरला.

आणि दुपारी काय होतं ते तर ऐक. बाया लाटायला बसल्या की मावशींना म्हणतात, त्या पिक्चरची स्टोरी सांगा. मावशी सांगतात. त्यांच्या पिक्चरमध्ये व्हिलन मरत नाही, घर सोडून जातो. हिरोची आई त्याच्या वाटेकडं डोळे लावून बसते. मग तो परत येतो, आणि आई त्याला ओळख देत नाही, आधी जेवू घालते. ह्यातलं एकही त्या पिक्चरमध्ये नव्हतं. काल शेजारची भिकुबाई पीठ तसंच ठेवून रडली. रोज थोडं नवीन निघतं. परवापासून त्यात समुद्रही आला आहे. त्याच्या पुढं कोणी उभं नाही, सगळा दिसतो.

सांगता सांगता मावशी मधेच थांबतात, माझ्याकडं बघतात आणि विचारतात, असंच होतं ना रे गिरधर, तू तर दोनदा पाहिलास. बठ्ठ्या बाया माझ्याकडं बघतात. मी लाटणं थांबवतो आणि म्हणतो, हो मावशी, अस्संच होतं, मला एवढं नीट सांगता आलं नसतं.

तू महिना पुरा झाल्याशिवाय झोक्यावरून उतरू नको. जूनच्या एकला मी घ्यायला येईन, पिठाच्या हातानं.

मायेत भर पडत राहो.
तुझा हरलेला गिरधर