जालिंदरच्या रानातली गाडीवाट

सातारा
२ ऑक्टोबर १९९६

ती. सुलावहिनींना,
धाकट्या दिराचा, धम्मपालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पिंकीचा ताप उतरला हे वाचून जीव भांड्यात पडला.

दादाला जाऊन पन्नास दिवस झाले. कंपनीत वेल्डिंगची ठिणगी उडाली की मला त्याचा तळहात दिसतो. आंघोळ घालताना तो काळा पडलेला मी पाहिला होता. तरी शेजारच्या रानातला नाथाजी म्हणाला की जालिंदरला बांधावर फिट आली, आणि दादाची चिरफाड नको म्हणून मीच सगळ्यांना गप्प केलं. बत्तीस वर्षांत त्याला एकदाही फिट आली नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मी आयटीआयला सांगलीत होतो तेव्हा तो दर रविवारी सायकलवरून डबा घेऊन यायचा आणि माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहायचा. तुमच्या बाळंतपणात विहिरीवर तुमची लुगडी धुवायला बसला म्हणून बायका हसल्या, तर त्यांना म्हणाला, हसा की, पण जरा सरकून हसा, मला दगड पुरंना.

दिवाळीला येतोय. नाथाजी खोटं बोललाय, त्याच्या उसाला काडी लावणार. मला अडवू नका.

अक्षताला, पिंकीला पापा. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

आपला,
धम्मपाल

*

मळा, आष्टा
१४ ऑक्टोबर १९९६

चि. धम्मपाल भावजींस,
सुलाचा जयभीम अन् आशीर्वाद. वि. वि.

वेल्डिंग करून तुमचं डोस्कं बी तापलंया. जळका ऊस कारखाना आदी उचलतो, हे शेतकऱ्याच्या पोराला मी सांगायचं? त्याचा ऊस लवकर जाईल अन् तुमी जेलात. काडी तिकडंच ठिवा.

आता ऐका. गेल्या मंगळवारी हळद भांगलत हुते, तवा नाथाजीची बनुबाई बांधावर यिऊन रडली. डुकरं ऊस खात्यात म्हणून तिच्या नवऱ्यानं बांधावर तार वढली हुती अन् खांबावर आकडा टाकून तिच्यात करंट सोडला हुता. आमाला सांगितलं न्हाई. हे सकाळी पाणी बघाय गेले अन् तारंवर पडले. नाथाजीनं आकडा काढला, तार गुंडाळली, घरात नेऊन ठिवली अन् मंगच हाळी दिली. तार गुंडाळत हुता तवा ह्यांचा हात अजून हलत हुता, असं बनुबाई म्हणाली.

त्या दिसापास्नं माझं रडू थांबलंय.

नाथाजीचा चार एकर ऊस आपल्या रानाच्या मागं हाय. रस्त्याला यायची गाडीवाट आपल्या हळदीतनं. ती कुठल्या कागदावर न्हाई. शेजाऱ्याचा माल अडू नये म्हणून ह्यांनीच दिली, वर दरसाली दगड टाकून नीट बी करत हुते. काल मी तिच्यावर आडवा चर मारायला सुरुवात केली. दिवाळीला या, पण खोरं घिऊन या.

तब्येतीला जपा. जीव लावता तसाच लावत राव्हा.

तुमची वहिनी,
सुला

*

सातारा
२० जानेवारी १९९७

ती. वहिनींना सप्रेम जयभीम. वि. वि.

दिवाळीत चर खणून हातांना आलेले फोड आता गेले. कंपनीतले विचारत होते की सुट्टीत नेमकं काय केलंस. शेती केली म्हटलं.

रहिमतपूरहून मनुताई आली होती. दादा दरवर्षी भीमजयंतीला तिला न्यायला जायचा, यंदा कोण येणार म्हणून रडली. मी जाईन. तिनं सांगितलं की गाडीला वाट नाही म्हणून नाथाजीची ऊसतोडीची टोळी दोनदा येऊन परत गेली. ऐकूनच पोट भरलं. तो वाटेसाठी तहसीलदाराकडे गेला तर काय करायचं, तेवढं कळवा.

मुलींना गोड पापा. आशीर्वादाचा हात पाठीवर असावा.

आपला,
धम्मपाल

*

मळा, आष्टा
२३ मार्च १९९७

चि. धम्मपाल भावजींस सप्रेम जयभीम. वि. वि.

तहसीलदाराकडं त्यानं अर्ज दिलाय. तारखा पडाय लागल्यात अन् तिकडं उसाला तुरं आल्यात. आतनं पोकळ व्हाय लागलाय.

म्हणून तो दारात आला. पयल्यांदा गुरकावला, मंग हात जोडले, म्हणाला, वहिनी, वाट सोडा. मी म्हटलं, विहारापुढं चार माणसांत खरं काय झालं ते सांग, मंग बघू. त्याला वाटलं, बोलून मोकळं व्हायचं, चार माणसांतलं चार माणसांत ऱ्हाईल.

दोन आठवड्यांमागं रविवारी वंदना झाल्यावर आला. मान खाली घालून बोलला. तारंचं बोलला, आकड्याचं बोलला. हात हलत हुता का म्हणून मी इच्यारलं.  पाठीमागनं बनुबाई म्हणाली, व्हय, हलत हुता. अक्षता माझ्या शेजारी हुती. तिला मी मुद्दाम नेली हुती.

दुसऱ्या दिशी त्या सगळ्यांना घिऊन मी पोलिसांत गेले. बनुबाईनं जबाब दिला अन् घरातली तार बी दाखवली. नाथाजीला धरून नेला, आठ दिसांनी जामिनावर सुटून आलाय. केस चालंल तशी चालंल.

चर मी बुजवला न्हाई.

काळजी नसावी. पत्र धाडायला उशीर करू नगा.

तुमची वहिनी,
सुला

*

सातारा
५ एप्रिल १९९७

ती. वहिनींना सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. रागावू नका, पण एक विचारतो. तो चार माणसांत बोलला, कोर्टात उभा राहील. आता तरी वाट सोडावी का? कारखाना अजून दहा-बारा दिवस चालेल म्हणतात. काडी लावायला निघालेला मीच हे लिहितोय, याचं मलाही नवल वाटतं. पण काल दादा स्वप्नात आला नाही, नुसता आठवला. चिखलात रुतलेली नाथाजीची गाडी तो खांदा लावून बाहेर काढत होता. तो असता तर त्यानं वाट सोडली असती.

चुकलं तर पदरात घ्या. जीव आहे तोवर तुमचाच,

धम्मपाल

*

मळा, आष्टा
२० एप्रिल १९९७

चि. धम्मपाल भावजींस सप्रेम जयभीम. वि. वि.

भीमजयंतीला तुमी मनुवन्संना घिऊन आला, पोरी लय खूश झाल्या. माणसांत तुमाला उत्तर देता आलं न्हाई, म्हणून लिवते.

वाट देते असं मी नाथाजीला कवाच म्हटलं नव्हतं. मंग बघू म्हटलं हुतं. बघितलं. कारखाना परवा बंद झाला. ऊस उभा वाळतोय. सकाळी पाणी पाजताना मी त्याच्याकडं बघते अन् मला बरं वाटतं. हे वाईट हाय, मला कळतंय. तरी बरं वाटतं. बनुबाईला तेवढी वैरणीला डोक्यावरनं मोळ्या न्यायला मोकळीक दिलीया. तिच्या पायांना वाट हाय, त्याच्या गाडीला न्हाई.

ह्यांनी वाट सोडली असती, खरं हाय तुमचं. लय चांगला माणूस हुता. पर ते असते तर वाट अडवायची येळच आली नसती. अन् मी त्यांची बायकू हाय भावजी, मी म्हंजे ते न्हवं.

हळद लावायची अखिती जवळ आलीया. चर भरून घेतला अन् गाडीवाटंवर सऱ्या पाडल्या. औंदा तिथं बी हळद लावणार. अक्षता अन् पिंकी बेणं निवडाय बसल्यात.

रोपं वर आली की कळवते. रागवा, पर घरी येत जावा.

तुमची वहिनी,
सुला