आईच्या फोटोतला डाग

३ जून, मंगळ.
आईचं नवं फर्मान. ती गेल्यावर भिंतीवर अण्णांच्या फोटोशेजारी तिचा जो फोटो लागणार, तो तिला जिवंतपणीच बघून पास करायचाय. म्हणे, माझ्यावर सोडलं तर मी आधार कार्डावरचा लावीन. शंका रास्त. निवडलाय राजाजीनगरच्या लग्नातला, अण्णा असतानाचा. मागे आइस्क्रीमचा स्टॉल, कुणाचं तरी कोपर. ते काढायचं काम माझं.

५ जून
सॉफ्टवेअर कुठलं? लेकीला व्हाइटफील्डला फोन. ‘अप्पा, फुकटचं घ्या, आधी लेयर शिका, फोटोचे थर.’ उघडलं तर विमान चालवायला बसल्यासारखं. सकाळभर लेयर. कोपर गेलं, आईचा कानही गेला. अन्‌डू केलं. कान आला, कोपरही आलं.

६ जून
आई खुर्चीमागे उभी. पदर सरळ कर. सुरकुत्या स्वल्प कमी कर. स्टॉल मात्र राहू दे, आइस्क्रीम चांगलं होतं. डोकं उठलं.

८ जून, रवि.
लेयरला रामराम. फोनवर ॲप घेतलं, एकच बटण: चेहरा स्वच्छ करा. दाबलं. सुरकुत्या गायब! खुशीत मूळ फोटोवरच सेव्ह केलं, चामराजपेटेतून मोठी प्रिंट आणली. आईनं चष्मा लावला. फोटोतल्या कपाळावर बोट ठेवलं.
“कुंकू कुठंय?”
ॲपनं डाग समजून पुसलं होतं. माझं लक्षच नाही.
“अण्णा गेले तेव्हा तुझ्या आत्यानं पुसलं. फोटोतलं तेवढं उरलं होतं.”
मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवलो नाही नीट.

९ जून
पुन्हा लेयर. लाल गोल काढला. आधी भुवईवर बसला, मग नाकावर. शेवटी जागेवर आला तर ट्रॅफिक सिग्नल. आई हसली, पण प्रिंट उलटी करून ठेवली.

११ जून
सकाळी आई आरशासमोर, देवघरातला करंडा घेऊन. कुंकू बरोबर मधोमध.
“काढ नवा फोटो. सुरकुत्या असू देत.”
काढला. मागे भिंतीवरचे अण्णा अर्धे आलेत. कापू का, विचारलं. बघू म्हणाली.
कुंकू पुसलं नाही. तशीच भाजी आणायला निघाली. रविवारी आत्या जेवायला येणार आहे, मी आठवण करून दिली.
“सरी, बरं, येऊ दे,” म्हणाली, आणि पिशवी मागितली.